दहावी बाई का नको?

जून २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारनं ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला तेव्हा ओळखीच्या लोकांचे अभिनंदनाचे फोन आले. त्यातल्या निम्म्या जणांना आम्ही ज्यू आहोत हे त्या बातमीमुळेच आठवलं असावं. दर्जा मिळाल्यानं नोंदणीच्या कागदांवर धर्माच्या रकान्यात 'इतर' लिहायची वेळ टळली, समाजाच्या शिक्षणसंस्था चालवणं थोडं सोपं झालं, हे चांगलंच झालं. सरकारनं आम्हाला मोजलं. आता आम्ही आमच्याच माणसांना, बायकांनासुद्धा, प्रार्थनेत नीट मोजायला कधी सुरुवात करणार, एवढाच माझा प्रश्न आहे.

आम्ही म्हणजे बेने इस्राएल. पेणकर, रोहेकर, अष्टमकर, दिवेकर, केहिमकर अशा आडनावांचे, रायगडातल्या गावांवरून ओळखले जाणारे मराठी ज्यू. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात जोडपी वाचली, त्यांचे आम्ही वंशज, अशी आमची परंपरा सांगते. तेलाचा घाणा चालवायचा आणि शनिवारी बंद ठेवायचा, म्हणून गावानं शनवार तेली म्हटलं. स्वातंत्र्याच्या सुमारास आम्ही वीस हजारांच्या घरात होतो. आता देशभरातले सगळे ज्यू धरले, कोचीचे, बगदादी, मिझोराम-मणिपूरचे, तरी जनगणनेत आकडा पाच हजारांच्या आत येतो. बाकीचे दिमोना, अश्दोद, लोद, बीरशेबाला गेले. तिथे ते 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक काढतात आणि महाराष्ट्र दिन साजरा करतात. इथे राहिलेले बहुतेक मुंबई-ठाण्यात आहेत. कोकणातल्या जुन्या सिनेगॉगांची, म्हणजे आमच्या प्रार्थनामंदिरांची, कुलुपं सणावारी निघतात.

सामुदायिक प्रार्थनेतले काही भाग दहा जण असल्याशिवाय होत नाहीत. मृतांसाठीची प्रार्थना, कद्दीश, म्हणता येत नाही, सेफेर तोरा ही धर्मग्रंथाची गुंडाळी पेटीतून बाहेर काढून वाचता येत नाही. हा दहांचा मिन्यान. पारंपरिक रीतीनं हे दहा जण म्हणजे तेरा वर्षं पूर्ण झालेले दहा पुरुष.

कोकणातल्या एका सिनेगॉगात एका बाईच्या वर्षश्राद्धासारख्या प्रार्थनेसाठी आम्ही जमलो होतो. खाली नऊ पुरुष. वर सज्जात आम्ही बायका, पुरुषांपेक्षा फार कमी नव्हतो. प्रार्थना चालवणारा हजान घड्याळ बघतोय, कुणी पेणला फोन लावतंय, कुणी पनवेलला. "निघालाय, वडखळला अडकलाय." नवव्या पुरुषाचं वय तेरा वर्षं आणि काही महिने, अंगात फुटबॉलची जर्सी, डोक्यावर कुणीतरी दिलेली टोपी. त्याला अलेफ-बेत, म्हणजे हिब्रू मुळाक्षरं, शिकवणारी त्याची आजी माझ्या शेजारी बसली होती. शाळेत शिक्षिका होती ती. सगळी प्रार्थना तिला पाठ. तो मोजणीत होता, ती नव्हती. ज्यांच्यासाठी जमलो होतो ती तिची सख्खी बहीण. वडखळचा माणूस पोचेपर्यंत बहिणीचा कद्दीश खोळंबला.

हा नियम का आहे, ते मला ठाऊक आहे. ठराविक वेळी करायच्या बऱ्याचशा विधींचं बंधन बाईवर नाही, आणि ज्याच्यावर बंधन नाही त्याला मोजणीत धरता येत नाही, असं शास्त्र सांगतं. हा तर्क मूर्खपणाचा नाही. घर-मुलं सांभाळणाऱ्या बाईला तीन वेळच्या प्रार्थनेतून मोकळीक देण्यात शहाणपण होतं. पण मोकळीक ही ज्याला हवी त्यानं घ्यायची गोष्ट आहे. ती दारावर पहारेकरी म्हणून उभी राहिली की तिचा अर्थ बदलतो. अमेरिकेतल्या ज्यूंच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पंथानं, जो शास्त्र मानतो आणि शास्त्राच्या चौकटीतच वाद घालतो, १९७३ साली बायकांना मिन्यानमध्ये मोजायची मुभा दिली. तिथे दहा पुरुषांची टंचाई होती म्हणून नव्हे. आमच्याकडे टंचाईही आहे.

पण अमेरिकेकडे बोट दाखवून मला हा वाद जिंकायचा नाही, कारण आमच्या स्वतःच्या कथेतच उत्तर आहे. दावीद राहाबी नावाचा एक विद्वान ज्यू कोकणात आला, शनिवार पाळणारे, सुंता करणारे, 'शेमा' ही ज्यू प्रार्थना म्हणणारे हे तेली कोण म्हणून त्याला कुतूहल वाटलं, ही गोष्ट आमच्यात प्रत्येक मूल ऐकतं. तो नेमका कधी आला यावर इतिहासकारांचं एकमत नाही. पण त्यानं घेतलेली परीक्षा सगळ्यांना माहीत आहे. त्यानं घरातल्या बायकांसमोर मिसळलेली मासळी ठेवली. बायकांनी पर आणि खवले असलेली, म्हणजे ज्यू धर्माला चालणारी, मासळी एका बाजूला काढली, बाकीची दुसऱ्या बाजूला सारली आणि म्हणाल्या, ही आम्ही खात नाही. राहाबीची खात्री पटली. मग त्यानं काय केलं? धर्म शिकवायला तीन पुरुष निवडले, झिराडकर, शापूरकर आणि राजपूरकर घराण्यांतले, आणि त्यांना काजी, म्हणजे समाजाचे धर्मप्रमुख, केलं.

परीक्षा दिली बायकांनी, नेमणूक झाली पुरुषांची. ही गोष्ट आम्ही दोनशे वर्षं कौतुकानं सांगतोय आणि यात काही खटकत नाही, याचं मला आता नवल वाटतं.

खटकायला हवं, कारण आमचा धर्म शतकानुशतकं स्वयंपाकघरातच टिकला. आमच्याकडे राब्बी, म्हणजे धर्मगुरू, नव्हते. ग्रंथ नव्हते. दूध-मटण एकत्र करायचं नाही म्हणून रश्शाला नारळाचं दूध. किद्दूशच्या आशीर्वादाला द्राक्षारस कुठून आणायचा, तर काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून त्याचं शरबत. सणांची नावंसुद्धा घरातली: नव्याचा सण, दारफळणीचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण. जेरुसलेमच्या देवळाच्या नाशाचं दुःख आम्ही सोललेल्या वालांच्या बिरड्यावर पाळलं. नवस फिटला, लग्न ठरलं, नव्या घरात पाऊल टाकलं की मलिदा. भिजवलेल्या पोह्यांत ओलं खोबरं, गूळ किंवा साखर, वेलची, सुका मेवा, भोवती फळं आणि वास घ्यायला सब्जाची डहाळी. एलियाहू हनाबी या प्रेषिताचं गाणं पुरुष म्हणतात खरे, पण ताट लावणारीला क्रम चुकलेला लगेच कळतो. जगातल्या कुठल्याही ज्यू समाजात हा विधी या रूपात नाही. तो कुणा राब्बीनं लिहून दिलेला नाही.

शिकण्याच्या बाबतीत आमचे पूर्वज आमच्यापेक्षा मोकळे होते. जो शिकवील त्याच्याकडून ते शिकले. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोचीहून शेल्लोमो सालेम शुर्राबी आले, त्यांच्याकडून प्रार्थनेची रीत घेतली. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांच्याकडून हिब्रू व्याकरण घेतलं. त्यांनी ते मराठीतून लिहिलं होतं, उद्देश अर्थातच धर्मांतराचा होता, आमच्या लोकांनी व्याकरण ठेवलं आणि उद्देश परत केला. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी प्रार्थनेची पुस्तकं मराठीत आणली. हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी १८७५ मध्ये इस्रायली शाळा काढली, तीच पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा झाली. वल्हांडणाच्या रात्री वाचायची हग्गादा १८४६ मध्ये मुंबईत मराठी-हिब्रू छापली गेली, १८७४ मध्ये पुण्यात पुन्हा. पुण्याच्या प्रतीतलं एक चित्र बघण्यासारखं आहे: साड्या नेसलेल्या बायका जमिनीवर बसून मात्झा, म्हणजे वल्हांडणाची बिनखमिराची भाकरी, करताहेत. युरोपातल्या हग्गादांच्या चित्रांवरून रचना उचललेली, पण माणसं आमची. त्यानंतर थोड्याच वर्षांत बेंजामिन शिमशोन अष्टमकर आणि त्यांच्या सोबत्यांनी हिंदू कीर्तनाचा घाट उचलून योसेफ, मोशे, एस्तेर यांची आख्यानं लावायला सुरुवात केली. पेटी, तबला, आर्या, ओव्या. हिब्रू न येणाऱ्या आजीला बायबल कळलं ते तिथे. पुढे बायका स्वतः कीर्तनं करायला उभ्या राहिल्या आणि आभाळ कोसळलं नाही.

आज शिकणं म्हणजे काय उरलंय? तेराव्या वर्षी होणाऱ्या मुलाच्या बार मित्झ्वाच्या विधीआधी काही महिने घाईघाईनं हिब्रू वाचायला शिकवणं, किंवा परदेशातून आलेल्या तरुण शिक्षकाचा इंग्रजीतला वर्ग. दोन्ही चांगलं आहे, दोन्ही अपुरं. ठाण्यातल्या आमच्या पोरांचं इंग्रजी उत्तम आहे, पण अशा इंग्रजी वर्गातून आजी-आजोबा वगळले जातात आणि विधींचं ज्ञान त्यांच्यापाशी आहे. शिकवणी मराठीत ठेवली तर तिन्ही पिढ्या एका खोलीत बसतील, आणि शिकवणारी बहुतेक वेळा बाईच असेल. मग ज्या बाईनं सगळ्यांना प्रार्थना शिकवली तिला त्याच प्रार्थनेत शून्य कसं धरायचं, हे त्या पोरांना समजावून सांगायची जबाबदारी मी विश्वस्तांवर सोपवीन.

आता खरा अडथळा. तो शास्त्राचा नाही, आठवणीचा आहे.

आम्हाला वगळलं जाण्याचा मोठा अनुभव आहे. मुंबईत आलेल्या बगदादी ज्यूंनी सुरुवातीला आमच्यासोबत प्रार्थना केली, मग अंतर ठेवलं. १८३६ मध्ये दफनभूमीत आपली जागा आणि आमची जागा यांत भिंत असावी असा अर्ज केला. आमच्या पुरुषांना आपल्या मिन्यानमध्ये मोजायला ते राजी नसत. रंगूनच्या सिनेगॉगात बेने इस्राएल माणूस विश्वस्त होऊ शकतो की नाही यावरून खटला झाला, १९३५ मध्ये उच्च न्यायालयानं आमच्या बाजूनं निकाल दिला. याच काळात आमच्या आतही गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असा भेद होता. बाहेरच्या बाईच्या पोटी झालेल्यांची संतती म्हणून 'काळ्यां'शी सोयरीक नाही, पंक्तीतही दुजाभाव. म्हणजे जी भिंत बगदाद्यांनी आमच्यापुढे मागितली, ती आम्ही आधीच आपल्या घरात बांधून ठेवली होती. हे सांगताना आमचे वडीलधारे आवाज खाली आणतात. मोठ्यानं बोलायला हवं.

आणि मग १९६२. इस्रायलच्या मुख्य राब्बीपदावरून निर्देश निघाले की बेने इस्राएल माणसाचं इतर ज्यूशी लग्न लावायचं असेल तर आई, आईची आई, असं मागे जाता येईल तितकं तपासा. आफ्रिकेतल्या किंवा युरोपातल्या ज्यूला न विचारलेला प्रश्न आम्हाला विचारला गेला. आमच्या माणसांनी मोर्चे काढले, १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये धरणं धरलं. ऑगस्टमध्ये पंतप्रधान लेवी एश्कोल यांच्या सरकारनं क्नेसेटमध्ये, तिथल्या संसदेत, सांगितलं की बेने इस्राएल सर्व बाबतींत पूर्ण ज्यू आहेत, आणि निर्देशांतून आमचं नाव निघालं. ज्यांच्या घरातली माणसं त्या धरण्यावर बसली होती ती घरं आजही इथे आहेत. त्यांना 'नियम थोडे सैल करू' म्हटलं की छातीत धस्स होतं. इतक्या मुश्किलीनं पटवलेली शुद्धता आपणच संशयास्पद करून द्यायची? उद्या नातीचं लग्न तिकडे ठरलं आणि तिथल्या राब्बीनं विचारलं, तुमच्या सिनेगॉगात बायका मोजतात म्हणे?

ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. तिथली लग्नं अजूनही राब्बींच्या हातात आहेत. पण बाई मिन्यानमध्ये मोजली गेल्यानं कुणाचं ज्यूपण कमी होत नाही. वंश आईकडून धरायचा हे तर त्याच शास्त्रात लिहिलंय. ज्या आजीच्या जोरावर माझं ज्यूपण सिद्ध होतं, ती आजी प्रार्थनेत मोजायला मात्र चालत नाही, हे त्या राब्बीलाही समोरासमोर सांगायला जड जावं. दुसरं असं की १९६४ चा धडा मी वेगळा वाचते. त्या धरण्यावर बसलेल्या लोकांनी आपली वंशावळ नेऊन दाखवली नव्हती. तपासायचा हक्कच नाकारला होता.

आणि आमच्याकडे हे अगदी नवंही नाही. डॉ. जेरुशा झिराड लंडनला शिकायला गेल्या, तिथे उदारमतवादी ज्यूंच्या प्रार्थना पाहिल्या, परत आल्यावर १९२५ मध्ये मुंबईत ज्यूइश रिलिजस युनियन सुरू करण्यात पुढाकार घेतला. तेच पुढे रोदेफ शालोम हे सिनेगॉग. कामा हॉस्पिटलच्या प्रमुख, १९६६ च्या पद्मश्री, एवढंच त्यांच्याबद्दल सांगितलं जातं. धर्माच्या बाबतीत त्यांनी काय धाडस केलं ते चरित्राच्या शेवटच्या ओळीत येतं. शंभर वर्षांपूर्वी एका बेने इस्राएल बाईनं हा विषय काढला होता. बाकीच्या सिनेगॉगांनी त्याला 'ते वेगळे' म्हणून बाजूला ठेवलं. तेव्हा संख्या होती, बाजूला ठेवणं परवडत होतं.

बायकांचा प्रश्न त्यातल्या त्यात सोपा. मिश्र विवाहातल्या मुलांचा अवघड. पाच हजारांच्या आतल्या समाजात मुलाला किंवा मुलीला ज्यू जोडीदार मिळणं कठीण, हे सगळ्यांना दिसतं. विशेष विवाह कायद्यानं लग्नं होतात. आई ज्यू असेल तर मूल आपलं, वडील ज्यू असतील तर नाही. एकाच गल्लीत राहणारी दोन आते-मामे भावंडं, दोघांच्या घराच्या चौकटीला मेझुझा, म्हणजे धर्मवचनांची डबी, दोघंही योम किप्पूरला, प्रायश्चित्ताच्या दिवशी, उपास धरणारी. एकाला बोलावतात, दुसऱ्याला बघायला बसवतात. रीतसर धर्मप्रवेशाची सोय इथे जवळपास नाहीच, त्यासाठी बाहेरच्या राब्बींच्या न्यायमंडळाची वाट बघावी लागते. मला इथे पूर्ण उत्तर देता येत नाही. एकदम दार उघडा असं मी म्हणणार नाही, कारण त्याचे परिणाम खरोखर त्या मुलांनाच पुढे भोगावे लागतील. पण मूल दहा वर्षांचं असताना त्याला वर्गात बसवायला, शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसासाठी, मेणबत्ती लावायला, सुक्कोथच्या सणाची झोपडी बांधायला कुठल्या न्यायमंडळाची परवानगी लागते? आम्ही त्याला आधी बाहेर ठेवतो आणि विसाव्या वर्षी तो येईनासा झाला की म्हणतो, बघा, याला गोडी नव्हतीच. हा आमचा लबाडपणा आहे. इस्रायलचा परतीचा कायदासुद्धा १९७० पासून ज्यू माणसाच्या मुलांना आणि नातवंडांना देशात घेतो. देश आजोबांच्या नात्यावर घेतो, आणि आमचा वर्ग वडिलांच्या नात्यावर घेत नाही.

सेवेचं काय? एक गोष्ट मला टोचते. कळव्याच्या झोपडपट्टीतल्या मुलांना खाऊ आणि शिक्षण देणाऱ्या गॅब्रिएल प्रोजेक्टमध्ये अमेरिका, इस्रायलमधली ज्यू पोरं सुट्ट्या खर्च करून येतात. छान काम आहे. कळवा ठाण्याच्या खाडीपलीकडे आहे आणि ठाण्यात आमची सगळ्यात मोठी वस्ती. आमच्यातले किती जण तिथे जातात? बाहेरून आलेला पैसा, बाहेरून आलेले स्वयंसेवक, यांची आम्हाला इतकी सवय झालीय की सेवा म्हणजे आपल्याला मिळायची गोष्ट असं वाटायला लागलंय. आमच्या आज्यांनी १९१३ मध्ये स्त्री मंडळ काढलं होतं. मयत बाईला स्नान घालायला आजही बायकाच जातात, फोन आला की हातातलं काम टाकून. त्याला कुणी स्वयंसेवा म्हणत नाही, कुणी फोटो काढत नाही. त्याच हातांना खालच्या मजल्यावर जागा नाही.

सेवेत आणखी एक सोय आहे. तिथे कोण कुणाच्या पोटी जन्मला हे विचारावं लागत नाही. कोकणातल्या दफनभूमींत गवत कमरेएवढं वाढतं, मराठी-हिब्रू शिलालेख झिजत चाललेत. ते साफ करायला, वाचून नोंदवायला वडील-ज्यू मुलगा चालतो, हिंदू सून चालते, शेजारचा आगरी मुलगा चालतो, जो बहुतेक वेळा नाहीतरी किल्ली सांभाळतच असतो. २००८ साली मुंबईतल्या नरिमन हाऊस या ज्यू केंद्रावर हल्ला झाल्यापासून आमच्या दारांवर पोलीस आहेत, अनोळखी माणसाला ओळखपत्र दाखवावं लागतं. ते आवश्यक आहे. पण पोलिसाच्या आडून आम्ही जरा जास्तच निवांत झालो, आपलं कोण आणि परकं कोण हे त्यालाच ठरवू दिलं, असं मला वाटतं.

बायकांनाही मिन्यानमध्ये मोजावं, असा अर्ज मी विश्वस्तांकडे करणार आहे. त्याला सगळ्यात कडक विरोध कुणा विश्वस्तानं केला नाही, माझ्या एका मावशीनं केला. ऐंशी ओलांडलेली, हिब्रू माझ्यापेक्षा शुद्ध. म्हणाली, "मला नको खाली बोलावू. वरून सगळं दिसतं, कोण कितव्या पानावर झोपलाय तेसुद्धा. आणि आम्ही खाली आलो की हे पुरुष यायचेच बंद होतील, बघ. दहा पुरे होतात म्हटल्यावर कोण कशाला वडखळहून धावत येईल?" हा मुद्दा मी पुस्तकात कुठे वाचलेला नव्हता आणि तो खोटा नाही. मिन्यानच्या टंचाईनं पुरुषांना बांधून ठेवलंय हे खरं. तरी मी तिला म्हटलं, पुरुष फक्त गरज लागते म्हणून येत असतील तर ती गरज आम्ही बायकांनी आपली जागा सोडून किती वर्षं पुरवायची? आणि तुला वर बसायचं तर बस. ज्यांना सज्जा आवडतो त्यांनी सज्जात बसावं. मोजणारा मान वर करून मोजेल. मावशी त्यावर म्हणाली की हजानला मानेचा त्रास आहे, आणि विश्वस्तांच्या पुढच्या बैठकीला ती स्वतः येऊन माझ्या विरोधात बोलणार आहे. मी तिला सांगितलंय, जरूर ये, अर्जावर दोघींची नावं घालते.